करवत आली की सांगायचं

११ जानेवारी

बुटके,

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात मोजून तीन वाक्यं. "पोरीचं डोकं दुखायला लागलंय, आईसारखं आणि तुझ्यासारखं. तू हल्ली काय करतेस ते सविस्तर लिही. बाकी काही लिहू नकोस." खाली सहीसुद्धा नाही. तुझं अक्षर मी ओळखणार नाही असं वाटलं की काय? बाबांनी आपल्या दोघींना एकाच वहीत लिफ्टदुरुस्तीच्या नोंदी करायला शिकवलं. तुझा 'ळ' अजून तसाच आहे, कुशीवर लोळत पडलेला.

बाकी काही लिहू नकोस म्हणतेस. बरं. पण मला तोलूनमापून बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तू मलाच विचारलंस. तेव्हा थोडंफार सहन कर.

आधी बढाई. गेल्या महिन्यात माझं डोकं तीन दिवस दुखलं. फक्त तीन. एके काळी महिन्यातून सहा-सात दिवस दुखायचं थांबायचं. हे आपोआप झालेलं नाही, मी केलेलं आहे, आणि मी ते मिरवणार आहे.

काय करते ते लिहिते. रोज सकाळी सहाला उठते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सहाला, कारण एक दिवस लोळत पडलं की दुसऱ्या दिवशी डोकं त्याचं उट्टं काढतं. बाराच्या ठोक्याला डबा उघडते, समोर साहेब उभा असला तरी. पाण्याची बाटली टेबलावर असते आणि ती संध्याकाळी रिकामीच घरी जाते. चहा दोन कप, तिसरा नाही. रोज अर्धा तास चालते. काचेच्या इमारतींवरून ऊन डोळ्यांत येतं म्हणून टोपी घालते, ती मला मुळीच शोभत नाही.

गोळ्या दोन प्रकारच्या. एक रोजची, दुखो न दुखो. ती दुखणं येऊ नये म्हणून असते, आणि तिचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत मी ती कचऱ्यात टाकायला निघाले होते. दुसरी गोळी दुखणं सुरू झाल्यावरची. ती लगेच घ्यायची, 'बघू जातंय का' म्हणत दुपार घालवायची नाही. पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर तिला हात लावायचा नाही. दुखण्यावरच्या गोळ्या फार झाल्या की त्याच डोकं दुखवायला लागतात. मी वर्षानुवर्षं त्या पेपरमिंटसारख्या चघळत होते आणि वर म्हणत होते की या गोळ्यांवर तर मी उभी आहे. सोडल्या तेव्हा पहिले तीन आठवडे हाल झाले. नंतर उतार पडला.

माझी एकही गोळी पोरीला देऊ नकोस. बारा वर्षांच्या मुलीचं औषध वेगळं, माप वेगळं, डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही नाही. आणि कधी एकाएकी, पूर्वी कधीच झालं नव्हतं असं डोकं फुटायला लागलं, किंवा तापात मान आखडली, किंवा हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर माझं पत्र शोधत बसू नकोस. सरळ दवाखाना गाठ.

आणि एक वही घाल. तारीख, किती दुखलं, किती वेळ, काय खाल्लं, किती झोप, पाळीचे दिवस. आपण दोघी नोंदीवर वाढलेल्या, तुला काय शिकवायचं.

मी अजून टेबलावरच आहे. फोन घेते. 'लिफ्ट चौथ्यावर अडकली', 'दार लागत नाही', 'आत कुणीतरी आहे आणि ते ओरडतंय.' या शहरातल्या एकशे बारा लिफ्टा मला आवाजावरून कळतात, तरी मी खुर्चीत बसून दुसऱ्यांना पाठवते. शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, पाऊल टाकून तीन वर्षं झाली. कुणामुळे, ते लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहीत नाही.

ताई


२ मार्च

बुटके,

या वेळी सात वाक्यं. प्रगती आहे.

डॉक्टरांनी अर्धशिशीच म्हटलं, हे बरं झालं. नाव कळलं की निम्मी भीती जाते. आईला मरेपर्यंत नाव कळलं नाही. ती आपली डोक्याला फडकं आवळून, खिडक्या लावून पडायची आणि आपल्याला सांगायची, "करवत आली गं, आता दोन दिवस मला हाक मारू नका." डोळ्यांपुढे चमकत्या दातांची करवत सरकते आणि तिच्या मागे जग पुसलं जातं, याला आईने दिलेला तो शब्द. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, पण आईचा शब्द जास्त नेमका आहे असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला.

तू लिहितेस की पोरीच्या वहीत अख्ख्या महिन्यात दोनच दिवस आहेत, आणि तरी शाळेतून येते तेव्हा तोंड पांढरंफटक असतं. वाचून मला हसू आलं आणि लगेच विरलं. माझी वही बघितली असतीस तर तुला कळलं असतं.

आपल्या दुरुस्तीच्या वहीत आपण काय लिहितो? लिफ्ट बंद पडली की तारीख, वेळ, कारण. ती धक्के खात, किंचाळत, दर मजल्यावर चार बोटं वर थांबत का होईना, चालतेय ना? मग ती 'चालू'. चालू लिफ्टची नोंद नाही. मी डोक्याची वही तशीच ठेवली. ज्या दिवशी आडवी पडले तो दिवस लिहिला. दात आवळून काम केलं, ते दिवस कोरे सोडले. ते माझ्या लेखी चालू दिवस होते. उलट त्यांचा मला अभिमान होता.

डॉक्टरीणबाई दर खेपेला वही बघायच्या, 'महिन्यात चार दिवस, ठीक आहे' म्हणायच्या, आणि चार दिवसांच्या दुखण्याला शोभेल तेवढंच औषध द्यायच्या. सहा महिने वाया गेले. मी मनातून त्यांना अडाणी ठरवून टाकलं होतं. मग एकदा त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "दुखण्याचे दिवस राहू द्या. स्वच्छ दिवस किती? आपल्याला डोकं आहे हेच विसरून गेलात, असे?"

मी आठवायला लागले. खूप वेळ आठवत होते. म्हटलं, "सहा. फार तर सात."

"मग उरलेले तेवीस? वहीत तर चारच."

"बाकीचे चालू होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही लिफ्टवाल्या ना? धक्के खात चालणारी लिफ्ट दिसली तर काय करता?"

"बंद करून टाकते. टाळं लावते. माणसं असतात आत."

त्यांनी माझीच वही माझ्यापुढे सरकवली. बुटके, आपण आयुष्यभर इमारतवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. लिफ्ट अडकल्यावर फोन करतात, चांगली असताना तेलपाणी करू देत नाहीत, दर महिन्याला आपण गेलो की 'चाललीय की छान, कशाला आलात' म्हणतात. आणि मी तेच.

मग सगळं नव्याने झालं. रोजची गोळी तेव्हापासूनची. पाळीच्या खुणा केल्यावर कळलं की पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पहिला दिवस हे ठरलेले. शाफ्टचं काम असलं की पाळी पुढे ढकलायला मी एक गोळी घ्यायचे, तुला आठवत असेल. करवत येते हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली. करवत येणाऱ्या बायकांना तसल्या गोळ्यांतून मेंदूत गुठळी होण्याचा धोका असतो. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोघांपैकी जास्त चूक कुणाची, ते तू ठरव.

तर पोरीला दुखण्याचे दिवस विचारू नकोस. स्वच्छ दिवस विचार.

ताई


२० एप्रिल

बुटके,

नऊ स्वच्छ दिवस. मला वाटलंच होतं.

पण तुझं पत्र त्याबद्दल नाही. पोरगी सायकलवरून उभ्या हातगाडीवर जाऊन आदळली, हनुवटीला तीन टाके पडले, आणि सगळ्यांना तिने सांगितलं की कुत्रं आडवं आलं. तू त्या गल्लीत जाऊन विचारून आलीस. कुत्रं नव्हतंच. गाडी तिच्या डाव्या अंगाला उभी होती आणि तिला ती दिसलीच नव्हती. तू लिहितेस, "करवत होती तर उतरायचं. सांगायचं. ही असं खोटं बोलायला शिकली कुणाकडून?"

माझ्याकडून.

तू माझ्याकडे तिला आठ दिवस ठेवून गेली होतीस, आठ वर्षांची होती तेव्हा. एका सकाळी ती न्हाणीघराचं दार ढकलून आत आली. मी दिवा मालवून, बादलीच्या काठाला कपाळ टेकून बसले होते. तिने विचारलं, "मावशी, तुला काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही. आणि हे आईला सांगायचं नाही, ही आपली गंमत. आपल्या घरातल्या बायका शूर असतात, डोकं दुखलं तर सांगत फिरत नाहीत." तिने तोंडावर बोट ठेवलं. आठवडाभर खरंच नाही सांगितलं. जाताना मी तिला बक्षीस म्हणून माझा दहा नंबरचा पाना दिला, बाबांच्या पेटीतला. तो अजून तिच्या दप्तरात असतो असं तू लिहितेस. तुला वाटलं होतं तिला यंत्रांची आवड आहे.

माझी बाजू सांगू? सांगते, मग तू काय ते म्हण. मी या कंपनीत पहिली बाई. पहिल्या दिवशी जुन्या मिस्त्र्याने माझ्यादेखत साहेबाला विचारलं होतं, "बायांची डोकी दुखतात, त्यांना शाफ्टमध्ये कसं पाठवणार?" तेव्हा मी ठरवलं की या माणसाला माझं डोकं कधी दुखलेलं दिसणार नाही. आणि दिसलं नाही. तो निवृत्त झाला, मी हेडमिस्त्री झाले, मागून तुला आत घेतलं. माझ्या डोक्याचं बिंग फुटलं असतं तर दार तुझ्यासाठीही बंद झालं असतं. हे सगळं खरं आहे. पण पोरीच्या हनुवटीला टाके पडल्यावर ते वाचून बघितलं तर त्यात काही दम राहत नाही.

तू लिहितेस की तिला समजावून थकलीस, ती म्हणते, "मावशी सांगायची नाही, म्हणून ती हेडमिस्त्री झाली. तू सांगितलंस आणि नोकरी सोडून बसलीस." आणि शेवटी तुझं ते वाक्य, "आता तिला तूच सांग. सगळं सांग. नाहीतर मला पुन्हा लिहू नकोस."

सगळं म्हणजे काय, ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. मला आठ दिवस दे.

ताई


२८ एप्रिल

ठिणगे,

हे पत्र आईला वाचायला दिलंस तरी चालेल. उलट देच.

तुझ्या आईच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही. कसं गेलं म्हणून तुला मी काय सांगितलं होतं? कामात तिचं लक्ष नव्हतं म्हणून. कंपनीच्या वहीतही मी तेच लिहिलंय. ते खोटं आहे. खरं काय झालं ते आता वाच, आणि दोनदा वाच.

सातव्या मजल्याचं दार नीट लागत नव्हतं. तुझी आई मजल्यावर गुडघे टेकून, उघड्या दारातून आत हात घालून दाराची चाकं घट्ट करत होती. मी आत, लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभी. छतावर एक छोटी पेटी असते, तिच्यावर वर, खाली आणि थांब अशी तीन बटणं. तुझ्या आजोबांचा नियम असा की छतावरच्याने विचारायचं 'मोकळं?', समोरच्याने हात बाहेर काढून, तो दाखवून म्हणायचं 'मोकळं', आणि छतावरच्याने तो हात स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मग बटण. हा नियम मी तुझ्या आईला शिकवला. ती माझ्याहून पक्की शिकली.

त्या दिवशी सकाळपासून मी डोळे चोळत होते. तुझ्या आईने विचारलं, "ताई, करवत आहे का? असेल तर उतर, नंतर करू."

मी म्हणाले, "छे. लख्ख दिसतंय."

डाव्या बाजूचं अर्धं जग नव्हतं, ठिणगे. दार डावीकडेच होतं.

मग तिने विचारलं, "माझा हात दिसतोय ना तुला? एवढं चाक झालं की काढते."

मी म्हणाले, "दिसतोय."

आणि थोड्या वेळाने मी दाराकडे बघितलं तर तिथे हात नव्हता. म्हणजे मला दिसला नाही, आणि दिसत नाही म्हणजे तिने काढला असं मी धरून चालले. 'मोकळं?' असं विचारलंही नाही. बटण दाबलं.

तुझी आई ओरडली नाही. तिने "थांब" एवढंच म्हटलं, आपल्या शिकवणीप्रमाणे, मोठ्याने आणि स्पष्ट. माझं बोट थांबच्या बटणावर गेलं म्हणून एका पेरावर भागलं. त्या 'थांब'चा मला आजही अभिमान वाटतो. बोट चेमटत असताना असा शब्द उच्चारणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताईला दिसत नव्हतं." मी म्हणाले, "मला लख्ख दिसत होतं, हिनेच हात काढला नाही." आणि वहीत लिहून सही केली. साहेबांना कुणाचं खरं ते कळेना, म्हणून त्यांनी मला डॉक्टरचा कागद येईपर्यंत टेबलावर बसवलं. मी तुझ्या आईला घरभेदी म्हणाले. सख्ख्या बहिणीने खोटारडी ठरवल्यावर तिने ती नोकरी सोडली. भित्री म्हणून नाही सोडली, खरं बोलली म्हणून सोडावी लागली.

मी तुला सांगितलं होतं की आपल्या घरातल्या बायका शूर असतात. ते बरोबर आहे, फक्त मी चुकीच्या बाईकडे बोट दाखवलं. सायकलवर करवत आली की उतर. वर्गात आली की हात वर कर. बाईंना सांग, मैत्रिणीला सांग, कुणी 'नाटक' म्हणालं तर त्याला माझा पत्ता दे, मी बघते त्याच्याकडे. डोकं दुखणं ही तुझी चूक नाही आणि ते लपवणं हा पराक्रम नाही.

तुझी मावशी


९ जून

बुटके,

काल पाकीट आलं. आत तुझ्या चिठ्ठीच्या आधी पाना बाहेर पडला, कागदात गुंडाळलेला. कागदावर पोरीने लिहिलंय, "हा न सांगण्याबद्दल मिळाला होता. आता मी सांगते, म्हणून परत." दुसरं काही नाही. अगदी तुझ्यावर गेलीय, दोन वाक्यांत माणसाला भिंतीला टेकवते. मी तो पाना टेबलावर ठेवला आणि दिवसभर फोन घेताना त्याच्याकडे बघत होते. वाईट वाटलं आणि त्याच्या दुप्पट अभिमान वाटला.

तू लिहिलंस की तिने शाळेत बाईंना सांगितलं, बाईंनी तिला खिडकीपासून दूर बसवलं, आणि गेल्या महिन्यात सतरा स्वच्छ दिवस निघाले. सतरा. मी हे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. ते म्हणाले, कसले सतरा? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

आता माझी बातमी. ठिणगीला पत्र टाकलं त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. दीड वर्षाची वही तपासून त्यांनी लिहिलंय की नियम पाळून, जोडीदाराला माहिती देऊन, मी शाफ्टमध्ये काम करू शकते. साहेब खूश झाले. म्हणाले, "वहीतली नोंद तुझ्या बाजूची आहेच, कागदही आला. सोमवारपासून जा."

सोमवारपासून. तीन वर्षं मी या शब्दाची वाट बघत होते. स्वप्नातसुद्धा मला मशीनरूममधला ग्रीसचा वास यायचा.

मी म्हटलं, "साहेब, ती वही काढा."

नोंद खोडता येत नाही, नियमच आहे. खाली नवी लिहावी लागते. मी लिहिलं, "वरील नोंद खोटी आहे. जोडीदाराचा हात दारात होता आणि तो मला दिसत नव्हता, कारण माझी नजर त्या वेळी अर्धी गेली होती. विचारलं असता मी खोटं सांगितलं. जोडीदाराने नियम पाळला होता. अपघाताला मी जबाबदार आहे." तारीख घातली आणि सही केली. अक्षर चांगलं आलंय. नक्कल सोबत जोडलीय, कंपनीच्या शिक्क्यासह. तुझ्या हल्लीच्या साहेबाला दाखवायची असली तर दाखव.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "हे लिहिलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं."

"म्हणूनच लिहिलं."

"आता वरून चौकशी लागेल. कदाचित तुला पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. कदाचित शाफ्ट कायमचा जाईल."

"जाऊ दे." असं म्हणाले खरी. बाहेर आल्यावर मात्र जिन्यातच बसले. सोमवारी पुन्हा फोनवर बसले.

ताई


१७ ऑगस्ट

बुटके,

परीक्षा झाली. नव्या भरतीतल्या सतरा जणांबरोबर बाकावर बसवलं मला, आणि प्रश्नपत्रिकेत पहिलाच प्रश्न, 'छतावरून डबा हलवण्यापूर्वी काय करावे?' मी दीड पान लिहिलं. पहिली आले. न येऊन सांगते कुणाला. हेडमिस्त्रीपद गेलं ते गेलंच, साधी मिस्त्री म्हणून घेतलं, पण शाफ्ट परत मिळाला.

जोडीदार दिलाय मौनीबाबा. तू गेल्यावर आला. वीस वर्षांचा अनुभव आणि दिवसाला वीस शब्द. पहिल्या सकाळी मी त्याला सांगितलं, "मला अर्धशिशी आहे. कधी कधी अर्धं दिसेनासं होतं. दर वेळी मला 'दिसतंय?' असं विचारायचं." त्याने मान हलवली. बस्स.

काल पहिलं काम. नऊ मजली इमारत, खाली दुकानं, वर ऑफिसं, लिफ्ट बंद म्हणून सगळे तोंडं पाडून उभे. मी छतावर चढले. तेलाचा वास, दोरांची थरथर, खालून येणारा गार वारा. काय सांगू तुला. सासरहून माहेरी आलेल्या बाईने घरभर हात फिरवावा तसा मी त्या दोरांवरून हात फिरवला. मौनीबाबा सहाव्या मजल्याच्या दाराशी बसला. काम छान चाललं होतं. अकराच्या सुमाराला दोरावरचा दिवा जरा जास्तच चमकला, आणि मग त्या चमकेला दात फुटले.

महिना महिना येत नाही ती. नेमकी काल आली. खाली माणसं ताटकळलेली, साहेब स्वतः बघायला आलेले, माझा तीन वर्षांनंतरचा पहिला दिवस. वीस मिनिटांत करवत निघून जाते, कुणाला कळलंही नसतं. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात 'दिसतंय' तयार होतं.

मौनीबाबाने विचारलं, "दिसतंय?"

मी म्हणाले, "नाही. करवत आलीय. मी थांबचं बटण दाबलंय, मला बाहेर घे."

त्याने हात धरून मला बाहेर काढलं. मी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि सहाव्या मजल्याच्या जिन्यात ती न शोभणारी टोपी डोळ्यांवर ओढून बसले. माणसं माझ्या बाजूने धापा टाकत वर चढत होती. एक फायलीवाला थांबून म्हणाला, "म्हणूनच बायांना हे काम देऊ नये." मी टोपी वर करून त्याला म्हटलं, "तुमच्यापैकी कुणाचा हातपाय जाऊ नये म्हणून बसलेय. चढा, तीनच मजले राहिले." साहेबांनी ऐकलं. वहीत त्यांनी स्वतः नोंद केली, 'मिस्त्रीने वेळेवर काम थांबवले.' काम थांबवल्याची नोंद त्या वहीत आजवर कुणी शाबासकी म्हणून केली नसेल.

आणि मग मौनीबाबा माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "बाई, माझा डावा कान अधूनमधून जातो. दोन वर्षं झाली. कुणाला बोललो नाही. तुम्ही हाक द्याल ती उजवीकडून द्या."

इतकी वाक्यं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, "आधी कान दाखवून घ्या. तोवर उजवीकडून देईन."

दोन वाजता मी पुन्हा छतावर गेले, डोकं जड होतं पण नजर स्वच्छ, आणि साडेतीनला लिफ्ट सुरू केली. एक धक्का नाही. तो फायलीवाला खाली उतरताना तिच्यातूनच उतरला.

पाना या पाकिटात घालून परत पाठवतेय. ठिणगीला दे. या खेपेला सांगण्याबद्दल आहे, म्हणावं, आणि हा परत करायचा नाही.

तुझ्या मागच्या पत्राखाली सही होती. मी ती किती वेळा बघितली ते लिहीत नाही. तुला परत ये म्हणायला मला तोंड नाही, आणि तुझी तिथली नोकरी चांगली आहे हेही मला कळतं. एवढंच सांगायचंय. काल शाफ्टमध्ये मौनीबाबाने विचारलं तेव्हा मला त्याचा आवाज ऐकूच आला नाही. मला तूच ऐकू आलीस, सातव्या मजल्यावरून, गुडघे टेकून बसलेली. "माझा हात दिसतोय ना तुला?"

नाही, बुटके. नाही दिसत. हात काढ.

ताई